बत्तीस तबकड्यांची दुर्बीण

प्रस्तावना

कल्याण हे नाव आमच्या महाड-पोलादपूरच्या घरांत रोजचे आहे. कुणाचा मुलगा तिथे चाळीत राहतो, कुणाची बहीण तिथे दिली आहे, कुणाचे काका रेल्वेच्या नोकरीतून तिथेच निवृत्त झाले. शिमग्याला आणि गणपतीला जी माणसे एसटीने आणि मिळेल त्या गाडीने गावी येतात, त्यांतली कितीतरी कल्याण-डोंबिवलीची. तरीही त्या गावाची एक गोष्ट त्यांच्या पिशव्यांतून इकडे कधी आली नाही. १९६५ साली कल्याणला सहा-सहा फुटांच्या बत्तीस तबकड्या ओळीने उभ्या केल्या होत्या आणि त्या सूर्याचे रेडिओतरंग टिपत होत्या. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी ही एक. पुढे उटीला आणि नारायणगावजवळ खोडदला जे जगप्रसिद्ध काम झाले, त्याची तालीम कल्याणच्या त्या जागेवर झाली.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या काही विज्ञानशिक्षकांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी या दुर्बिणीवर पुस्तिका लिहिली आणि प्रस्तावना माझ्याकडे मागितली. मी ती जरा लांबवली आहे. दुर्बिणीची माहिती पुस्तिकेत आहेच. पण अशी दुर्बीण जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न मला मुलांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे सविस्तर ठेवायचा आहे.

आधी थोडे यंत्राविषयी. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आकाश दिसत नाही. सावित्री, काळ आणि गांधारी भरून वाहत असतात आणि ढग डोंगराच्या खांद्यापर्यंत उतरलेले असतात. भिंगाच्या दुर्बिणीला अशा दिवसांत काही काम नसते. सूर्य आणि तारे मात्र केवळ प्रकाशच देत नाहीत, ते रेडिओतरंगही सोडतात. वीस-तीस किंवा साठ सेंटिमीटर लांबीचे हे तरंग ढगांतून जवळजवळ विनाअडथळा खाली येतात. ते गोळा करणारी तबकडी, त्यांची अतिक्षीण शक्ती वाढवणारे यंत्र आणि तिची नोंद ठेवणारी व्यवस्था एकत्र आली की रेडिओ दुर्बीण झाली. तिच्याने ऐकू काही येत नाही. ती मोजते, आणि त्या मोजमापांतून चित्र बांधावे लागते.

या शास्त्राचा आरंभ १९३०च्या दशकात अमेरिकेत झाला. बेल प्रयोगशाळेतल्या कार्ल जान्स्कीला दूरध्वनीच्या दळणवळणात येणारी खरखर कुठून येते ते शोधायचे होते. त्याने मोटारीच्या चाकांवर फिरणारा मोठा सांगाडा उभारला आणि एक खरखर आकाशगंगेच्या मध्याकडून येते असे त्याच्या लक्षात आले. त्यानंतर १९३७ साली ग्रोट रेबर नावाच्या तरुण अभियंत्याने इलिनॉयमधल्या व्हीटन गावी घराच्या अंगणात स्वतःच्या खर्चाने सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी बांधली. दुसऱ्या महायुद्धात रडारचे तंत्र झपाट्याने वाढले. युद्ध संपल्यावर रडारवर काम केलेली अनेक माणसे आकाशाकडे वळली. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया ही त्यांची दोन मोठी केंद्रे.

आपल्या बत्तीस तबकड्या जन्मल्या ऑस्ट्रेलियात. सिडनी शहराला पाणी पुरवणारा पॉट्स हिल नावाचा जलाशय आहे. त्याच्या काठावर विल्बर ख्रिश्चन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व-पश्चिम अशी एक रांग उभी केली. बत्तीस तबकड्या, दोन तबकड्यांमध्ये सात मीटरचे अंतर, पहिलीपासून शेवटचीपर्यंत २१७ मीटर. सूर्य सरकेल तशा त्या हाताने वळवाव्या लागत. यंत्र साधे होते, पण त्यामागची कल्पना मात्र विलक्षण होती.

मोठी दुर्बीण बारीक तपशील दाखवते, कारण तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे अंतर मोठे असते. मग दोनशे मीटर रुंदीची एकसंध तबकडी बांधण्याऐवजी तेवढ्या अंतरावर लहान तबकड्या पसरल्या, त्यांनी टिपलेले तरंग सारख्या लांबीच्या तारांतून एका जागी आणून मिसळले, तर? आकाशात काही ठरावीक अरुंद पट्ट्यांमधून आलेले तरंग एकमेकांना बळ देतात आणि त्या पट्ट्यांच्या अधल्यामधल्या भागातून आलेले एकमेकांना पुसून टाकतात. पॉट्स हिलच्या रांगेचा एकेक पट्टा २१ सेंटिमीटरच्या तरंगांसाठी सुमारे तीन कलांइतका (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अरुंद होता, आणि लगतचा पट्टा दीड अंशाहून अधिक दूर. सूर्याची रुंदी अर्धा अंश. त्यामुळे एका वेळी एकाच पट्ट्यात सूर्याची एक चीर सापडे. पृथ्वी फिरते आहे, म्हणून सूर्य आपोआप त्या पट्ट्यातून सरकत जाई आणि चिरीमागून चीर मोजली जाई. दिवसभरात पट्ट्याचा सूर्याशी होणारा कोन बदलतो. सकाळच्या चिरा एका दिशेच्या, दुपारच्या दुसऱ्या, संध्याकाळच्या तिसऱ्या. या सगळ्या एकत्र करून ख्रिश्चन्सन आणि त्यांचे सहकारी वॉरबर्टन यांनी १९५५ साली सूर्याचा रेडिओ नकाशा प्रसिद्ध केला. गणित हाताने केलेले होते. पृथ्वीच्या फिरण्याचा उपयोग करून प्रतिमा बांधण्याची जी रीत आज जगातल्या बहुतेक मोठ्या रेडिओ दुर्बिणी वापरतात, तिच्या मुळाशी हा नकाशा आहे. मुलांनी हे प्रकरण सावकाश, कागदावर रेघा मारत वाचावे. पुस्तिकेतले सर्वांत अवघड प्रकरण हेच, आणि सर्वांत सुंदरही.

याच सुमाराला, १९५३ साली, गोविंद स्वरूप हा चोवीस वर्षांचा तरुण कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर सिडनीला पोहोचला. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यातल्या ठाकुरद्वाऱ्याचा जन्म, अलाहाबाद विद्यापीठातले शिक्षण, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली केलेले काम, एवढी त्याची शिदोरी. सोबत आर. पार्थसारथी हे दुसरे भारतीय. या दोघांनी पॉट्स हिलची रांग २१ ऐवजी ६० सेंटिमीटरच्या तरंगांसाठी बदलून घेतली. त्यामागे एक जिवंत वाद होता. सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश, पण त्याभोवतीचा विरळ किरीट दहा लाख अंशांच्या घरात. तसे असेल तर ठरावीक तरंगलांबीला सूर्याची कड मध्यापेक्षा उजळ दिसली पाहिजे, कारण कडेकडे पाहताना नजर त्या तप्त किरीटातून जास्त लांब जाते. केंब्रिजच्या एका मोजमापात ६० सेंटिमीटरला ही उजळ कड दिसली नव्हती. स्वरूप आणि पार्थसारथी यांना ती दिसली. परदेशी प्रयोगशाळेत नवख्या असलेल्या दोन मुलांनी केंब्रिजच्या निष्कर्षाला छेद दिला, आणि तोही हातातल्या यंत्राची तरंगलांबी बदलून, स्वतः मोजून. शाळेत विज्ञानाचा तास घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग सांगावा असे मला मनापासून वाटते.

ख्रिश्चन्सन तोवर नव्या, मोठ्या दुर्बिणीच्या विचारात होते. जुन्या तबकड्या आता तिथे लागणार नव्हत्या. स्वरूप यांनी तिथल्या रेडिओ खगोलशास्त्र गटाचे प्रमुख जोसेफ पॉझी यांना विचारले, या भारताला द्याल का? पॉझी तयार झाले, कृष्णनही तयार झाले. मग प्रश्न आला जहाजभाड्याचा. परकीय चलनाची चणचण असलेला तो काळ. पत्रे इकडून तिकडे जात राहिली, तबकड्या जागच्या हलेनात. वाट पाहून स्वरूप अमेरिकेला गेले, आधी टेक्सासमधल्या हार्वर्डच्या केंद्रात आणि मग स्टॅनफर्डला रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे डॉक्टरेटसाठी. तबकड्या दिल्लीला आल्या तेव्हा त्यांना उभे करणारा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला होता.

१९६१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन भरले. तिथे चार भारतीय भेटले : स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. चौघेही परदेशात स्थिरावत होते. आपण एकत्र परतून भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करू, असे त्यांनी देशातल्या संस्थाचालकांना लिहिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी १९६२च्या जानेवारीत तारेने होकार कळवला. पुढच्या वर्षी स्वरूप मुंबईत रुजू झाले आणि दिल्लीत पडून असलेल्या तबकड्या टाटा संस्थेकडे आल्या.

त्या कल्याणला उभ्या राहिल्या, पण पॉट्स हिलसारख्या नव्हे. स्वरूप यांनी २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरवर पसरल्या आणि ८ तबकड्या उत्तर-दक्षिण २५६ मीटरवर. वारंवारता धरली ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे साधारण ४९ सेंटिमीटरचे तरंग. तरंग लांब झाला की तेवढाच बारीक तपशील मिळवायला अंतरही वाढवावे लागते. म्हणून सिडनीची २१७ मीटरची रांग कल्याणला जवळजवळ तिप्पट झाली. तबकड्या त्याच, दुर्बीण नवी. या दुर्बिणीने शांत सूर्याचे निरीक्षण केले. कडेची उजळी तिला दिसली आणि किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या आसपास असल्याचे तिच्या मोजमापांतून निघाले.

माझ्या मते कल्याणची खरी कमाई मात्र सूर्याच्या नकाशाहून मोठी आहे. विजय कपाही यांच्यासारखी नुकतीच शिकून आलेली तरुण मंडळी इथे हातात पाना आणि डागणी घेऊन घडली. ग्राहक यंत्रे बांधणे, तारांच्या लांब्या जुळवणे, रात्रभर बिघाड शोधणे हे सगळे पुस्तकातून येत नाही. हाच गट उटीला गेला. १९७० साली तिथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण पुरी झाली. अकरा अंश अक्षांशावरच्या गावी अकरा अंश उताराचीच टेकडी शोधली, त्यामुळे दुर्बिणीचा लांब आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एका अक्षाभोवती फिरवून तासन्‌तास एकाच ताऱ्याचा माग घेता येऊ लागला. तिच्या निरीक्षणांवरून स्वरूप आणि कपाही यांनी विश्व काळानुसार बदलत आले आहे, हे महास्फोटाच्या बाजूचे अनुमान काढले. त्याच संस्थेत जयंत नारळीकर महास्फोटाला न मानणारा सिद्धान्त हिरिरीने मांडत होते. एका छपराखाली दोन्ही बाजूंचे उत्तम काम होत होते, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. त्यानंतर खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, मधल्या चौदा जवळजवळ आणि सोळा तबकड्या तीन भुजांवर सुमारे पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात. नीट पाहिले तर मूळ रीत पॉट्स हिलचीच दिसते. अनेक तबकड्या, मोजलेली अंतरे, आणि पृथ्वीच्या फिरण्याची मदत.

आता जपणुकीकडे येतो. समजा, त्या बत्तीसपैकी एक तबकडी घासूनपुसून, रंग देऊन एखाद्या संग्रहालयाच्या दारात उभी केली. मुले तिच्याजवळ फोटो काढतील. दुर्बीण जपली गेली का? माझे उत्तर नाही असे आहे. एकटी तबकडी म्हणजे सहा फुटांचा वाडगा. ही दुर्बीण तबकड्यांच्या मधल्या जागेत होती : सात मीटर, २१७ मीटर, ६३० मीटर. ती तारांच्या सारख्या लांबीत होती, मिसळण्याच्या क्रमात होती, निरीक्षणाच्या वहीत होती. धातू ठेवला आणि आराखडा गेला, तर पुढच्या पिढीला एक सुंदर पण मुके भांडे मिळेल. उलट आराखडा, मोजमापे आणि वह्या राहिल्या, तर धातू गेला तरी दुर्बीण पुन्हा उभी करता येते.

हे नुसते तर्काने म्हणत नाही. जान्स्कीचा मूळ सांगाडा आज नाही, पण अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेत त्याची हुबेहूब प्रतिकृती उभी आहे. मूळ जागाही पुढे शोधून काढली गेली आणि १९९८ साली तिथे स्मारक झाले, तेही सांगाडा एका विशिष्ट निरीक्षणाच्या क्षणी ज्या दिशेला होता त्या दिशेने रोखलेले. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची दिशा सांगता आली, कारण नोंदी होत्या. रेबरची तबकडी सुदैवाने मूळचीच राहिली. तीही ग्रीन बँकला आहे आणि तिथली जोडणी रेबरने स्वतः उभे राहून करवून घेतली. न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथला शिंगाच्या आकाराचा अँटेना, ज्याने विश्वाचे पार्श्वभूमी प्रारण शोधले, राष्ट्रीय स्मारक घोषित होऊनही जमिनीच्या विकासाच्या योजनेत सापडला होता. गावकऱ्यांनी आवाज उठवला आणि २०२३ साली स्थानिक प्रशासनाने ती जमीन घेण्याचा निर्णय केला. उलट टोकाला प्वेर्तो रिकोतली अरेसिबोची दुर्बीण. वरचा प्रचंड मंच २०२०च्या १ डिसेंबरला खालच्या तबकडीवर कोसळला, आणि एक थोर यंत्र संपले.

आपल्या तालुक्यात जपणूक हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रायगड महाड तालुक्यात आहे. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात तो आहे. त्याच यादीत २०१९पासून इंग्लंडमधली जॉड्रेल बँक वेधशाळाही आहे, म्हणजे रेडिओ दुर्बीणसुद्धा किल्ल्याच्या पंगतीला बसते हे जगाने मान्य केले आहे. पोलादपूरजवळच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी लोक जातात ते बांधकाम पाहायला नव्हे. आणि महाडचे चवदार तळे? १९२७च्या २० मार्चला तिथे जे घडले त्यासाठी दरवर्षी हजारो माणसे येतात. जागा थोर ठरते ती तिथे माणसांनी केलेल्या कृतीने, हे महाडच्या मुलाला लहानपणापासून माहीत असते. कल्याणची दुर्बीण जिथे उभी होती त्या जागेकडे मी त्याच भावनेने पाहतो. परदेशातली सुखाची नोकरी सोडून आलेल्या माणसाने जुन्या, दान मिळालेल्या तबकड्यांतून नवे शास्त्र तिथे रुजवले. तिथे निदान एक शिलालेख असावा, आणि त्यावर स्वरूप यांच्या नावासोबत त्या रांगेचा आराखडा अंतरांसह कोरावा, ही माझी स्पष्ट मागणी आहे.

कागदाची भीती आम्हाला जास्त वाटते त्यालाही कारण आहे. २०२१च्या जुलैत महाडमध्ये पाणी शिरले तेव्हा घराघरांतले फोटो, वह्या, सात-बाराचे उतारे आणि शाळेचे दाखले चिखलात गेले. भिंती धुता आल्या, कागद धुता आले नाहीत. दुर्बिणीचा इतिहासही असाच कागदावर उभा असतो. टाटा संस्थेचे स्वतःचे अभिलेखागार आहे ही मोठी समाधानाची गोष्ट. तरी संस्थेच्या दफ्तरात न गेलेले पुष्कळ काही असते. तबकड्यांचे पाये खणणारे, तारा ओढणारे, रात्रपाळीचा पहारा करणारे, जवळून शाळेला जाताना त्या रांगेकडे पाहणारे, या सगळ्यांच्या आठवणी कुठल्याही फायलीत नसतात.

जपणुकीचे आणखी एक अंग आहे आणि ते आजचे आहे. चालू दुर्बिणीला शांतता लागते, मोबाइल, मोटारी आणि विजेच्या उपकरणांच्या रेडिओतरंगांपासून शांतता. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या अंगाला आत गेले की मोबाइलची रेंज जाते आणि आपण वैतागतो. डोंगर तरंग अडवतात, म्हणून ती जाते. खोडदची जागा निवडताना याच गुणाचा फायदा घेतला. भोवतालचे डोंगर गावाशहरांचा रेडिओ गोंगाट अडवून धरतात. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग त्या भागातून आखला गेला तेव्हा शास्त्रज्ञांनी हरकत घेतली ती या कारणाने. रेल्वे हवीच. पण जीएमआरटीसारखे यंत्र पुन्हा दुसरीकडे उभे करता येत नाही आणि मार्ग मात्र वळवता येतो, म्हणून या वादात माझे मत दुर्बिणीच्या बाजूचे आहे.

गोविंद स्वरूप २०२०च्या ७ सप्टेंबरला पुण्यात गेले. त्यांच्या पिढीतली थोडीच माणसे आता उरली आहेत, म्हणून शेवटी एक विनंती. ही पुस्तिका वाचून संपली की ती कल्याणला राहणाऱ्या तुमच्या नातलगांना द्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : साठीच्या दशकात कल्याणला ओळीने उभ्या तबकड्या कुणी पाहिल्या होत्या का, कुणी तिथे काम केले होते का? जे आठवेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली तारीख, जागा आणि सांगणाऱ्याचे नाव घाला. एखादा फोटो किंवा जुना कागद सापडला तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. त्याची प्रत आपल्या शिक्षकांकडे द्या आणि मूळ कागदाविषयी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभिलेखागाराला कळवा.